तीस फुटांचा ठराव

९ फेब्रुवारी १९८६, रविवार

"तू वाईट नाईस कमळे. पन तू चूप राह्यतं."

मनकर्णा हे म्हणाली तेव्हा आम्ही दोघी तेरा वर्षांच्या. आज मी चव्वेचाळीस. मधल्या काळात हे वाक्य कुठे गेलं नव्हतं. आज तेवढं वर आलं.

कारण आज तिच्या घरावर बांबू उभा राहिला. एकावर एक तीन बांबू, तारेने आवळलेले, टोकाला अँटेना. तिचा मुलगा गुलाब भद्रावतीच्या फॅक्टरीत आहे. त्याने आईबापासाठी टीव्ही आणला — एस.टी.च्या टपावर, गोधडीत गुंडाळून! गावातला पहिला टीव्ही. सरपंचांकडे नाही, आमच्याकडे नाही. बौद्ध मोहल्ल्यात!

दुपारभर मागच्या अंगणातून ऐकत होते. गुलाब छपरावर बांबू फिरवतोय, खाली दारातून हरिदास, मनकर्णाचा नवरा, ओरडतोय.

"आला का बाबा?"

"मुंग्याच मुंग्या!"

"आता?"

"मानूस दिसून राह्यला... गेला! अबे गेला ना! जरासा चंद्रपूराकडे ढकल!"

"चंद्रपूराकडेच हाय तोंड!"

"मंग मुंडकं आलं, धड नाई आलं!"

तिसरा बांबू चढवला तेव्हा कुठे जंगलापलीकडचं चित्र लागलं. चाळीस फूट तरी असेल. टाळ्या, शिट्ट्या. संध्याकाळी सिनेमा. आमच्या आळीतलीही माणसं गेली — सुना, पोरी, म्हातारे. सगळे हरिदासच्या अंगणात मांडी घालून.

मी गेले नाही. कोणी अडवलं नव्हतं.

१२ फेब्रुवारी

देवळाच्या पारावर काय चाललं होतं ते जेवताना ह्यांनी सांगितलं. कोणी तरी म्हणालं, "मारुतीनं उडान घेतली तं शेपूट अडकंल ना त्या काड्यात!" सगळे हसले म्हणे. हे सांगताना पुन्हा हसले. मीही हसले.

मग भासरे, ह्यांचे थोरले भाऊ, म्हणाले, "हासून नका सोडू. कळसाच्या वर गेलं ते."

मग कोणी हसलं नाही.

१३ फेब्रुवारी

सकाळी मुद्दाम वाटेवर उभी राहून बघितलं. खरंच गेलंय. वेशीतून गाव दिसतं तेव्हा आजवर आधी कळस दिसायचा — तीन वर्षांपूर्वी वर्गणीतून चढवलेला, पितळेचा. आता आधी मनकर्णाची अँटेना दिसते. तिच्यावर एक कोतवाल पक्षी बसला होता.

मला ते छान वाटलं. हे इथेच लिहिते. दुसरीकडे कुठे लिहिणार?

१६ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा सिनेमा. पुन्हा मी मागच्या अंगणात. गाण्यांचे आवाज येतात, चित्र नाही.

मनकर्णा आणि मी एकाच माहेरगावच्या. पुढे दोघींना याच गावात दिलं, हा योगायोग. लहानपणी भुलाबाईची गाणी तिच्याइतकी चांगली कोणाला येत नसत. आणि झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखण्यात तर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं! डबा कानाशी वाजवायची आणि सांगायची — "फुटाने. आनि एक गुळाचा खडा, लहानसा." तेवढाच निघायचा.

त्या वर्षी मीच तिला आमच्या ओसरीवर बोलावलं. गाणी म्हणून झाली, डबा तिच्या हातात होता, आणि आई बाहेर आली. "हिले कोनं बोलावलं वर?"

मी भुलाबाईकडे बघत राहिले. मातीची भुलाबाई, डोळे मोठे रंगवलेले. तीही काही बोलली नाही.

मनकर्णाला खाली उतरवलं. ओसरी धुतली. डबा आईने फेकून दिला, खिरापतीसकट. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर तिने ते वाक्य म्हटलं. चिडून नाही. आकाशात ढग आहेत म्हणावं तसं.

पुढच्या वर्षी ती आईबापाबरोबर चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, दीक्षेला गेली, बौद्ध होऊन आली. त्यानंतर कोणाच्या ओसरीवर चढली नाही.

२० फेब्रुवारी

पंचायतीची बैठक. मी महिला सदस्य. निवड बिनविरोध — अर्ज ह्यांनीच भरला होता. मी दाराजवळच्या चटईवर बसते, पदर डोळ्यांपर्यंत. कारण समोर खुर्चीवर भासरे असतात. नऊ वर्षं सरपंच.

भासऱ्यांसमोर मी कधी बोललेले नाही. चोवीस वर्षं झाली लग्नाला. नजर वर करायची नाही, आवाज काढायचा नाही, नाव तर तोंडातून काढायचंच नाही. आमच्याकडे असंच असतं. माझी आईही तशीच वागली, माझी सासूही तिच्या भासऱ्यांपुढे तशीच.

पण मी लिहिते. नागपूरच्या दिवाळी अंकांत माझ्या कथा येतात. म्हणून ठराव शब्दांत बसवायला माझ्याकडे पाठवतात. सरपंच श्री. वामनराव यांनी मांडलेला, सरपंच श्री. वामनराव यांच्या अध्यक्षतेखाली — शंभरदा लिहिलं असेल. एकदाही उच्चारलं नाही.

लोकांना वाटतं, पंचायतीत बाईला बोलता येत नाही. मला मनातून वाटायचं — मी बोलते की, शाईने! अभिमानच वाटायचा. लिहून टाकते.

आज भासरे म्हणाले, "कळसाच्या वर कोनाचंच काई नको. ठराव करा."

ग्रामसेवक अवघडला. "जी, कळसाचं नाव ठरावात आलं तं वरचा सायब फेकून देईन. उलटा आपल्यावरच येईन. कारण दुसरं पायजे."

"मंग दुसरं लावा. लहानीले सांगा."

लहानी म्हणजे मी.

२१ फेब्रुवारी

पंचायतीचा शिपाई झिंगू सकाळी चिठ्ठी देऊन गेला. भासऱ्यांचं अक्षर, पेन्सिलीने —

"कळस ३२ फूट आहे. त्याच्या खाली ठेवा. कळसाचं नाव नको. कारण तुम्ही घाला."

सही नाही. घरातल्या घरात कशाला सही?

दुपारी भांडी झाल्यावर बसले. आधी दोन कागद फाडले. कारण सापडेना. मग आठवलं, गेल्या जेठात जंगूच्या म्हशीवर वीज पडली होती. वीज!

आणि पुढे सगळं आपोआप आलं. कथेत शेवट सापडतो तसं. उठून पाणी प्यायले, पुन्हा बसले —

"घरांवर उभारण्यात येणारे टेलिव्हिजनचे उंच खांब वादळवाऱ्यात व विजेच्या कडकडाटात जीवितास धोकादायक ठरू शकतात. सबब सार्वजनिक सुरक्षिततेच्या दृष्टीने जमिनीपासून तीस फुटांहून अधिक उंचीचा खांब कोणीही उभारू नये, व उभारलेला असल्यास आठ दिवसांत उतरवावा."

आधी 'जिवाला' लिहिलं होतं. खोडून 'जीवितास' केलं. मोठ्याने वाचून बघितलं. लय बरोबर लागत होती.

त्या वेळी मला मनकर्णा आठवली नाही. खोटं नाही. दोन तास ती माझ्या डोक्यातच नव्हती. मी आनंदात होते.

चिठ्ठी फेकायची राहिली. या वहीतच आहे.

२४ फेब्रुवारी

ठराव पास. एकमताने. मी पदराआडून हात वर केला. पदराआडूनही हात वर होतो, त्याला भासरे आड येत नाहीत.

ग्रामसेवक बाहेर म्हणाला, "वहिनी, वकिलाच्या तोंडात मारंल असं लिवता तुमी!"

मी पदरात हसले. कोणाला दिसलं नाही. मला माहीत आहे.

५ मार्च

झिंगू नोटीस देऊन आला. हरिदासने वाचायला लावली, एकदा, दोनदा. मग म्हणाला म्हणे, "वीज का? तं विजेचाच खांब पंचायतीपुढे उभा हाय, तोबी उतरवा ना." झिंगू म्हणाला, "मी शिपाई हाव भाऊ, वीज नाई."

हरिदासने स्वतःच दोर सोडले. वरचा बांबू काढून भिंतीला लावून ठेवला — "मांडवाले कामी येईन."

९ मार्च, रविवार

सहा वाजले. शांत.

खालच्या बांबूवर चित्र लागत नाही. नुसत्या मुंग्या. शेजारची शकुबाई — सत्तरीची आहे, सिनेमाला सर्वांत पुढे बसायची — माझ्या ओट्यावर येऊन बडबडली. "कळसापायी माहा शिनेमा गेला वं बाई. देवाले का करा लागते उंचीचं? तो तं बसूनच असते."

म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. गावातल्या कुत्र्याला विचारलं तरी सांगेल. फक्त कागदाला माहीत नाही.

आणि कागद माझा.

१९ मार्च

मोहाची फुलं पडू लागलीत. पहाटे वेचायला गेले. पलीकडच्या झाडाखाली मनकर्णा. एकटीच. टोपली अर्धी भरलेली. तिने वर बघितलं आणि वेचत राहिली.

मी म्हटलं, "यंदा मोह बरा आहे."

"हाव."

बराच वेळ दोघी वेचत होतो. मग ती खाली बघूनच बोलली.

"गुलाबनं नोटीस वाचून दाखोली. म्हन्ते, आई, लय गोड लिवलं हाय. आपल्याच जिवाची काळजी करून राह्यले म्हन्ते."

मी गप्प.

"मी म्हनलं, अक्षर दाखव. अक्षर तं ग्रामसेवकाचं. पन लिवनं?" ती थांबली. "येवढं सुद्द या गावात कोन लिवते वं कमळे?"

हातात मोहाचं फूल. चिकट.

"गुलाबनं तुही गोष्टबी वाचून दाखोली होती. मांगच्या वर्सी. भुलाबाईची."

हे मी वहीतसुद्धा टाळत आले. लिहिते. सात वर्षांपूर्वी मी त्या ओसरीची कथा केली. दिवाळी अंकात आली. पुण्याहून, साताऱ्याहून पत्रं आली — किती हळुवार, किती धीट! कारण कथेतली मुलगी आईला म्हणते, "मी बोलावलं तिला." कथेतली मुलगी तिचा हात धरते.

मनकर्णाने टोपली डोक्यावर घेतली. "तुह्या गोष्टीतली पोरगी तं बोलते वं," म्हणाली. "लय चांगली पोरगी हाय."

आणि गेली. खांदे हलत होते. हसत होती असं मला वाटलं. नक्की नाही.

२० मार्च

दिवसभर काही केलं नाही. मोह वाळत घातला नाही. आंबला.

११ एप्रिल

गुलाबने तालुक्याला अर्ज दिला होता. आज चौकशीला साहेब आले. तरुण, चष्मा. पंचायतीत सगळे बसले. गुलाब दारात उभा. खुर्ची रिकामी होती, कोणी बस म्हटलं नाही, आणि तोही मागून बसला नाही.

"साहेब, पावसाळ्याले दोन महिने हायेत," गुलाब म्हणाला. "आनि वीज तीस फुटाले ओळखते का? एकोणतीसवर नाई पडत?"

कोणी तरी हसलं. साहेबही जरा हसले. मग विचारलं, "या ठरावामागे दुसरं काही कारण होतं का? देवळाच्या कळसाचं म्हणतायत हे."

भासरे म्हणाले, "कळसाचा शब्द दाखवा ठरावात."

साहेबांनी ठराव पुन्हा वाचला. बोट फिरवत. नाही सापडला. मी नीट लिहिलं होतं.

मग ते माझ्याकडे वळले. "महिला सदस्य आहेत ना आपण? आपलं काय म्हणणं?"

सगळे थांबले. गुलाब माझ्याकडे बघत होता. त्याने ती कथा वाचलेली आहे.

चटईचा एक धागा निघाला होता. तो मी ओढत राहिले. ह्यांनी सांगितलं, "ती माह्या भावापुढे बोलत नाई साहेब. तिचं म्हननं तेच हाय."

साहेबांनी लिहून घेतलं — महिला सदस्यांचीही सहमती.

पदर माझ्यावर लादलेला आहे असं मी आजवर समजत होते. आज कळलं, तो मला सोयीचा आहे.

४ मे

भासऱ्यांकडे टीव्ही आला. रंगीत. खांब एकोणतीस फूट, मोजून. पण त्यांचं घर टेकाडावर! अँटेना सरळ कळसाच्या वर दिसते. चित्र स्वच्छ.

ठरावात 'जमिनीपासून' लिहिलं आहे. मीच.

संध्याकाळी आमच्या आळीचे सगळे तिथे. पारावर मारुतीच्या शेपटीचं कोणी काही बोललं नाही.

२२ मे

आज त्याहून मोठं. टेलिफोनवाल्यांना टावर उभारायचा आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मधला. जागा — देवळामागचं गायरान. उंची दीडशे फूट. पंचायतीची ना-हरकत पाहिजे.

चहा येईपर्यंत ठराव झाला! कळस नाही, वीज नाही, म्हैस नाही. भासरे म्हणाले, "गावाचं नाव होईन." मजकूर माझ्याकडे आला. लिहिला — गावाच्या विकासाच्या दृष्टीने. तीन ओळींत.

लिहिताना हात थांबला नाही. तेच सांगायचं होतं. थांबायला हवा होता.

८ जून

शकुबाई सांगून गेली. अर्जाचा निकाल विरुद्ध गेला तर गुलाब आईबापाला भद्रावतीच्या कॉलनीत नेणार. जमीन बटईने, अर्ध्या वाट्याने, देणार, घराला कुलूप. "हरिदास तं तयार हाय. मनकर्णा नाई म्हन्ते. म्हन्ते, मी इथी मराले आली होती, कॉलनीत नाई."

शेवटची तारीख जुलैच्या पहिल्या मंगळवारी. त्याआधी ठरावामागचं खरं कारण दाखवणारा काही पुरावा असेल तर द्या, असं साहेबांनी गुलाबला सांगितलंय.

पुरावा या वहीत आहे. फेब्रुवारीच्या पानांत. आत्ता माझ्या अंगठ्याखाली.

१२ जून

चिठ्ठी देऊन टाकली!

भद्रावतीला बाजाराला गेले होते. पाकीट विकत घेतलं, चिठ्ठी घातली, पत्ता लिहिला — श्री. गुलाब हरिदास, फॅक्टरीच्या कॉलनीचा. पाठवणाऱ्याचं नाव नाही. पेटीत टाकलं. आत पडल्याचा आवाज आला.

किती हलकं वाटलं! येताना जिलेबी घेतली. ह्यांना म्हटलं, उगीच. हे म्हणाले, "आज खूस दिसून राह्यली." भासऱ्यांना कळणार नाही, ह्यांना कळणार नाही, आणि मनकर्णाचा बांबू पुन्हा चढेल. सगळंच नीट झालं.

१३ जून

कालचं पान वाचलं. फाडावंसं वाटतंय. राहू दे. मी कशी आहे ते त्यात आहे.

२६ जून

मनकर्णा आली होती.

माझ्या दारात! भर दुपारी. मी गहू निवडत होते. उठले, म्हटलं, "आत ये ना."

"नाई. इथीच बरी."

ती ओट्याच्या खाली उभी राहिली. ओसरी धुतली तेव्हा उभी होती तेवढीच लांब. मुद्दाम की कसं, माहीत नाही. कमरेचं पाकीट काढून ओट्यावर ठेवलं.

"सायब म्हन्ते, याच्यावर सई नाई. कोनाचं अक्षर हाय हे कोन सांगन? पेन्सिलनं तं कोनीबी लिवते. सरपंच म्हन्ते, माहं नाई. ग्रामसेवक म्हन्ते, मी पाह्यलं नाई. घरचं मानूस बोललं तं गोस्ट वेगळी, म्हन्ते सायब."

"मी पाठवली हे..."

"पाकिटावर तुहं अक्षर हाय वं. पाचवीपासून पाहून राह्यली मी." ती हसली. खरंच हसली, दात दिसले. "मले वाटलं, आता तरी कमळी बोलली. पाकीट फोडलं तं — नाव नाई, गाव नाई. चूपचाप! तूनं दान केलं का वं आमाले?"

मी म्हटलं, "मनकर्णा, भासऱ्यांपुढे मी..."

"मी काई मांगाले नाई आली." तिने पदर खोचला. "तुही वस्तू तुले देवाले आली. मंगळवारी निकाल, बुधवारी आमी सामान बांधतो. माहेरचं कोनी राह्यलं नाई या गावात, तेवढं तुले सांगून जातो."

वळली. चार पावलं गेली आणि थांबली.

"त्या डब्यात का होतं तुले आठोते? भुलाबाईच्या?"

मला आठवलं नाही.

"शेंगदाने," ती म्हणाली. "मी ओळखले होते. सांगाचे राह्यले."

२८ जून

गोठ्यात कोणी नव्हतं. गाईला चारा टाकताना म्हणून बघितलं.

"वा—"

जीभच वळेना! चोवीस वर्षं न उच्चारलेलं, कागदावर मात्र सरळ लिहिलेलं नाव. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा पुरं आलं. "वामनराव." गाईने कान फिरवला आणि पुन्हा चारा खायला लागली. आभाळ कोसळलं नाही.

मग अख्खं वाक्य म्हटलं. "हे अक्षर वामनराव सरपंचांचं आहे. ठराव मी लिहिला." दुसरा अर्धा भाग जास्त जड गेला.

२९ जून

ह्यांना सांगितलं, मंगळवारी साहेबांपुढे बोलणार आहे. भाकरी ताटातच राहिली. मला वाटलं, ओरडतील. नाही ओरडले. म्हणाले, "मले का सांगतं? नाई सांगतलं असतं तं मले आडवाचं काम पडलं नसतं."

मग उठून भावाच्या घराकडे निघाले. अर्ध्या वाटेवरून परत आले. काही न बोलता झोपले.

ह्या घरात गप्प बसणारी मी एकटी नाही.

३० जून, सोमवार

चिठ्ठी पदराच्या गाठीत आहे. उद्या सकाळी आठची तालुक्याची एस.टी. त्याच गाडीने ती तिघं जाणार, भासरेही जाणार.

साहेबांपुढे बोलायचं ते मी बोलेन, तिने मला सोबत घेतलं तरी आणि नाही तरी. त्यासाठी तिची परवानगी नको. पण एक गोष्ट तिच्याकडेच मागायची आहे. आत्ता जाते आहे, उजेड आहे तोवर, देवळासमोरच्या वाटेने. ती नाही म्हणेल. तिच्या जागी मी असते तर नाहीच म्हटलं असतं. तरी पाठ करते आहे, तिच्या दारात पुन्हा जीभ अडकू नये म्हणून —

मनकर्णा, उद्याच्या गाडीत तुह्या बाजूले माह्यासाठी जागा धरशीन का?